झगा उतरवल्यावर

न्यू ऑर्लिन्सच्या पश्चिम हद्दीवरचा कालवा ओलांडला की मेटरी लागतं. नाव फ्रेंच, पण वस्ती बरीचशी दुसऱ्या महायुद्धानंतर वाढलेली: बैठी घरं, पुढे हिरवळीचा तुकडा, दारात मोटारी. इथली कित्येक कुटुंबं मूळची शहरातली. १४ नोव्हेंबर १९६० रोजी रुबी ब्रिजेस ही सहा वर्षांची काळी मुलगी केंद्र सरकारच्या मार्शलांच्या पहाऱ्यात विल्यम फ्रांट्झ प्राथमिक शाळेच्या पायऱ्या चढली आणि गोऱ्या पालकांनी आपापली मुलं शाळेतून काढून घेतली. पुढच्या दोन दशकांत हजारो गोऱ्यांनी कालव्यापलीकडच्या जेफरसन पॅरिशमध्ये बिऱ्हाडं हलवली. लुइझियानात जिल्ह्याला पॅरिश म्हणतात. राज्य विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहाचा ८१ वा मतदारसंघ तेव्हा इथला होता, आणि त्यातले मतदार जवळजवळ सगळे गोरे.

१९८९ च्या सुरुवातीला या मतदारसंघात पोटनिवडणूक लागली. एका राज्याच्या विधानसभेची एक जागा. एरवी शेजारच्या राज्यानेही तिची दखल घेतली नसती. पण उमेदवारांच्या यादीत डेव्हिड ड्यूक हे नाव होतं. वय ३८, उंच, सोनेरी केस, नाकावर शस्त्रक्रिया करून घेतलेली, अंगात नीट बेतलेला सूट. दहा वर्षांपूर्वी हाच माणूस कू क्लक्स क्लॅनच्या एका बड्या गटाचा प्रमुख होता. ही गोष्ट लपलेली नव्हती. मेटरीतल्या शेंबड्या पोरालाही ती ठाऊक होती, आणि मला वाटतं या निवडणुकीचा खरा अर्थ तिथूनच शोधायला लागावं. उमेदवाराचा भूतकाळ उघड झाला की उमेदवार संपतो, असं आपण गृहीत धरतो. मेटरीत भूतकाळ पहिल्या दिवसापासून उघड होता.

ड्यूकचा जन्म १९५० चा, ओक्लाहोमातल्या टल्सा इथला. वाढला न्यू ऑर्लिन्समध्ये. बॅटन रूजच्या लुइझियाना स्टेट विद्यापीठात शिकत असताना तो भर आवारात उभा राहून ज्यूंविरुद्ध आणि काळ्यांविरुद्ध भाषणं द्यायचा. १९७० मध्ये विल्यम कुन्स्लर हे वकील टुलेन विद्यापीठात व्याख्यानाला आले तेव्हा हा वीस वर्षांचा तरुण नाझी गणवेश घालून, दंडावर स्वस्तिकाची पट्टी बांधून, हातात फलक धरून निषेधाला उभा राहिला. शिकागोतल्या खटल्यातल्या ज्या सात युद्धविरोधी आरोपींची वकिली कुन्स्लर यांनी केली होती, त्यांना विषारी वायूने मारा, असं त्या फलकावर लिहिलेलं होतं. त्या प्रसंगाचं छायाचित्र निघालं आणि जन्मभर त्याच्या मागे राहिलं.

क्लॅनमध्ये त्याने जे केलं ते त्याच्या आधीच्या कोणाला सुचलं नव्हतं. मूळ क्लॅन म्हणजे यादवी युद्धानंतर टेनेसीतल्या पुलास्की गावी पराभूत दक्षिणेच्या सैनिकांनी काढलेली टोळी. नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या काळ्यांना मतदानापासून रोखण्यासाठी रात्री घरं जाळायची, माणसं मारायची. १८७१ च्या सुमारास केंद्राने कायदे करून तिचं कंबरडं मोडलं. १९१५ मध्ये जॉर्जियातल्या स्टोन माउंटनवर ती पुन्हा उभी राहिली आणि १९२० च्या दशकात तिचे सभासद लाखांनी मोजले जाऊ लागले. नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात तिसऱ्यांदा डोकं वर काढलं तेव्हा हातात बॉम्ब होते. ड्यूकने १९७४ च्या सुमारास ‘नाइट्स ऑफ द कू क्लक्स क्लॅन’ हा गट हाती घेतला तो वेगळ्या बेताने. ग्रँड विझर्ड ही जुनी पदवी बाजूला सारून स्वतःला राष्ट्रीय संचालक म्हणवून घेतलं. स्त्रियांना आणि कॅथलिकांना दारं उघडली. शेतात क्रूस पेटवून होणाऱ्या सभा चालू राहिल्या, पण दूरचित्रवाणीच्या स्टुडिओत तो सूट-टाय घालून जायचा आणि आवाज न चढवता बोलायचा. आम्ही कोणाच्या विरोधात नाही, आम्ही फक्त गोऱ्यांच्या बाजूचे आहोत, हा त्याचा धोशा. मुलाखत घेणारे तयारीनिशी येत नसत. पांढऱ्या झग्यातला अडाणी गुंड भेटेल अशा अपेक्षेने येत आणि समोर गोड बोलणारा पदवीधर बसलेला असे.

१९७५ मध्ये बॅटन रूजमधून राज्याच्या सिनेटसाठी तो उभा राहिला, क्लॅनचा नेता म्हणून उघडपणे, आणि तीनांतलं एक मत त्याला पडलं. १९७९ मध्ये मेटरीतून पुन्हा. या वेळी सव्वीस टक्क्यांच्या आसपास. क्लॅनचं नाव मिरवून इतपतच मजल जाते, हे त्याने ताडलं असावं. १९८० मध्ये तो बाहेर पडला. त्या बाहेर पडण्याला पश्चात्तापाचा वासही नव्हता. प्रतिस्पर्धी क्लॅन गटाचा नेता बिल विल्किन्सन याला आपल्या सभासदांची यादी ३५,००० डॉलरला विकण्याची बोलणी तो करत होता, आणि विल्किन्सनने ती भेट गुपचूप चित्रित करून जाहीर केली. लगेच ड्यूकने गोऱ्यांच्या उन्नतीची राष्ट्रीय संघटना काढली. काळ्यांच्या हक्कांसाठी १९०९ पासून लढणाऱ्या जुन्या, मान्यवर संस्थेचं नाव उचललं आणि त्यातला एक शब्द बदलला. ती संघटना चालायची मेटरीतल्या त्याच्या घरातून.

जुन्या सभासदत्वावरून माणसाला जन्मभर दोषी धरावं का, हा प्रश्न खोटा नाही, आणि अमेरिकेला तो ड्यूकच्या आधीही पडला होता. १९३७ मध्ये रूझवेल्ट यांनी अलाबामाचे सिनेटर ह्यूगो ब्लॅक यांना सर्वोच्च न्यायालयावर नेमलं. नेमणूक पक्की झाल्यावर पिट्सबर्गच्या ‘पोस्ट-गॅझेट’चे बातमीदार रे स्प्रिगल यांनी कागदपत्रांनिशी सिद्ध केलं की ब्लॅक १९२० च्या दशकात क्लॅनचे सभासद होते. देशभर गदारोळ उठला. १ ऑक्टोबर १९३७ च्या रात्री ब्लॅक रेडिओवर बोलले: होतो, राजीनामा दिला, पुन्हा संबंध ठेवला नाही. भाषण त्रोटक होतं आणि माफीचा शब्द त्यात नव्हता. पण १९४० मध्ये फ्लोरिडातल्या चार काळ्या आरोपींकडून दिवसरात्र छळ करून घेतलेले कबुलीजबाब रद्द ठरवणारा निकाल ब्लॅक यांनी लिहिला, आणि १९५४ मध्ये शाळांतली वर्णभेदाची भिंत पाडणाऱ्या एकमुखी निकालात ते होते. अलाबामात त्यांचे जुने मित्र तुटले. वेस्ट व्हर्जिनियाचे रॉबर्ट बर्ड यांचा रस्ता लांबचा. १९४० च्या दशकात त्यांनी क्लॅनची गावशाखा उभारली होती, १९६४ च्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध ते सिनेटमध्ये चौदा तासांहून अधिक बोलले, आणि त्यानंतर अनेक दशकं आपण चुकलो हे जाहीरपणे पुन्हा पुन्हा सांगत राहिले. या दोघांचा हिशेब मांडताना जुना कागद एका पारड्यात टाकला तर दुसऱ्या पारड्यात टाकायला काहीतरी होतं. ड्यूकच्या दुसऱ्या पारड्यात काय होतं? एवढंच विचारायला हवं होतं. १९८९ मध्ये हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला.

२१ जानेवारीच्या पहिल्या फेरीत ड्यूक ३३ टक्के मतं घेऊन पहिला आला. लुइझियानाच्या तेव्हाच्या पद्धतीत सर्व पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असत आणि कोणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांची दुसरी फेरी होई. दुसऱ्या क्रमांकावर होते जॉन ट्रीन, बांधकाम व्यावसायिक, रिपब्लिकन पक्षाचे जुने कार्यकर्ते, माजी गव्हर्नर डेव्हिड ट्रीन यांचे भाऊ. ड्यूकनेही निवडणुकीच्या तोंडावर रिपब्लिकन म्हणून नाव नोंदवलं होतं. वर्षभरापूर्वी तो राष्ट्राध्यक्षपदासाठी डेमोक्रॅट म्हणून उभा राहिला होता आणि नंतर पॉप्युलिस्ट पक्षाचा उमेदवार झाला होता.

मग वॉशिंग्टन खडबडून जागं झालं. नुकतेच राष्ट्राध्यक्ष झालेले जॉर्ज बुश आणि नुकतेच पायउतार झालेले रेगन या दोघांनी ट्रीन यांना जाहीर पाठिंबा दिला. एका विधानसभा पोटनिवडणुकीत एवढी मोठी माणसं! बाहेरून काही ज्यू कार्यकर्ते येऊन इशारे देऊन गेले. परिणाम उलटा झाला. कालव्यापलीकडे राहायला आलेल्या लोकांचं सगळं राजकारणच, बाहेरच्यांनी आम्हाला शिकवू नये, या भावनेवर उभं होतं. ड्यूक दारोदार फिरला. क्लॅनचं नाव कोणी काढलं तर तरुणपणाचा उतावळेपणा म्हणून हसून बाजूला सारायचा, आता ख्रिस्ताला शरण गेलोय असं सांगायचा आणि घरपट्टीवर बोलायचा. ट्रीन घरपट्टी वाढवायला अनुकूल आहेत, हा त्याचा आरोप. बाकीचं बोलणं सरकारी मदतीवर पोसला जाणारा वर्ग, राखीव कोटा, वाढती गुन्हेगारी यांभोवतीचं. ‘काळे’ हा शब्द उच्चारायची गरजच पडत नव्हती. ऐकणाऱ्याला तो ऐकू येत होता.

१८ फेब्रुवारीला ड्यूकला ८,४५९ मतं पडली, ट्रीन यांना ८,२३२. फरक २२७.

या विजयाचं स्पष्टीकरण तेव्हापासून आजवर तेलाच्या भावात शोधलं जातं. ते अगदीच चूक नाही. १९८६ मध्ये खनिज तेलाचे भाव कोसळले, लुइझियानाचा खजिना रिकामा झाला, बेकारी अमेरिकेत सर्वाधिक असलेल्या राज्यांत त्याची गणना होऊ लागली. घाबरलेला माणूस रागावतो आणि रागावलेल्या माणसाला कोणीतरी दोषी दाखवून द्यावा लागतो, इथवर ठीक. पण तेलाचे भाव काळ्यांसाठीही कोसळलेच होते. नोकऱ्या त्यांच्या आधी गेल्या, घरात साठवलेलं त्यांच्याकडे कमी होतं. त्यांतलं फारसं कोणी ड्यूकच्या मागे गेलं नाही. म्हणून दारिद्र्याने माणसं ड्यूककडे लोटली हे वाक्य मला पटत नाही. मेटरी दरिद्री नव्हतंच.

बेथ रिकी यांची गोष्ट इथे सुरू होते. टुलेनमध्ये राज्यशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या या तरुण बाई रिपब्लिकन पक्षाच्या राज्य समितीच्या सदस्य होत्या, रेगनभक्त, कर्मठ पुराणमतवादी. ड्यूक निवडून आल्यावर दोन आठवड्यांनी, मार्चमध्ये, शिकागोत पॉप्युलिस्ट पक्षाची बैठक होती आणि ड्यूक तिथे बोलणार होता. रिकी त्याच्या मागावर गेल्या आणि भाषण ध्वनिमुद्रित करून आल्या. त्याच बैठकीत अमेरिकन नाझी पक्षाचा पदाधिकारी आर्ट जोन्स याच्याशी हस्तांदोलन करतानाचं ड्यूकचं छायाचित्रही निघालं. मग मे महिन्यात त्या मेटरीतल्या ड्यूकच्या कार्यालयात गेल्या. आमदार म्हणून त्याचं कार्यालय आणि संघटनेचं कार्यालय एकच होतं. तिथून त्यांनी पुस्तकं विकत घेतली: हिटलरचं ‘माइन काम्फ’, गोऱ्यांच्या सशस्त्र उठावाची कादंबरी ‘द टर्नर डायरीज’, आणि साठ लाख ज्यूंचा संहार झालाच नाही असं सांगणाऱ्या चोपड्या. जूनमध्ये त्यांनी हे सगळं पत्रकारांसमोर मांडलं.

रिकी यांचं मोठेपण मला इथे दिसतं. बाकीचे सगळे तो क्लॅनमध्ये होता असं ओरडत होते. होता, हे मतदारांनी केव्हाच पचवलं होतं. रिकींनी दाखवून दिलं की तो आजही तोच आहे, गेल्या आठवड्यातही तेच विकत होता, आणि जनतेच्या पैशाने चालणाऱ्या कार्यालयातून विकत होता. ड्यूकने त्यांना फोन करायला सुरुवात केली, जेवायला बोलावलं, तासन्‌तास समजावलं. रिकींच्या सांगण्यानुसार, हिटलरचा उजवा हात रुडॉल्फ हेस याला शांततेचं नोबेल द्यायला हवं होतं, असं तो त्यांना पटवत होता. सप्टेंबर १९८९ मध्ये ड्यूकच्या निषेधाचा ठराव पक्षाच्या राज्य समितीपुढे आला तेव्हा समितीने चर्चा न करताच तो बासनात बांधला. राष्ट्रीय समितीने फेब्रुवारीतच त्याच्याशी संबंध तोडल्याचं जाहीर केलं होतं. पण राज्यातल्या पुढाऱ्यांना त्याची मतं हवी होती. या भ्याडपणाची किंमत त्यांच्या पक्षाला पुढे दोन वर्षं मोजावी लागली, आणि राज्याला त्याहून जास्त.

त्याच जूनमध्ये बॅटन रूजच्या विधानभवनात ज्यू-संहाराच्या छायाचित्रांचं प्रदर्शन भरलं होतं. प्रेक्षकांत न्यू ऑर्लिन्सच्या अॅन लेव्ही होत्या. वॉर्सातल्या ज्यूंच्या कोंडवाड्यात त्यांचं बालपण गेलं होतं. धाकट्या बहिणीसह त्या लपून राहिल्या म्हणून वाचल्या होत्या आणि १९४९ मध्ये आईवडिलांबरोबर न्यू ऑर्लिन्सला आल्या होत्या. चाळीस वर्षं त्या या विषयावर जाहीरपणे फारसं काही बोलल्या नव्हत्या. ड्यूक तिथे छायाचित्रं पाहताना दिसला. लेव्ही सरळ त्याच्याजवळ गेल्या आणि विचारलं की हे सगळं घडलंच नाही असं तुम्ही म्हणता ना, मग आज इथे काय बघताय? तो पुटपुटला की घडलं नाही असं मी म्हणत नाही, फुगवून सांगितलं गेलंय असं म्हणतो. लेव्हींनी त्याला सोडलं नाही. आमदार महाशय काढता पाय घेऊन निघून गेले. पुढे टुलेनचे इतिहासकार लॉरेन्स पॉवेल यांनी लेव्ही कुटुंबाच्या जगण्यावर आणि या टक्करीवर ग्रंथ लिहिला.

पॉवेल, रिकी, इतिहासाचे अभ्यासक लान्स हिल, मेथडिस्ट धर्मगुरू जेम्स स्टोव्हॉल आणि इतर काहींनी मिळून वंशवाद आणि नाझीवाद यांच्या विरोधात एक आघाडी उभी केली. तिच्या हाती एक मोठा ठेवा आला. एव्हलिन रिच या संशोधक विद्यार्थिनीने १९८० च्या दशकाच्या मध्यावर क्लॅनवरच्या प्रबंधासाठी ड्यूकच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या होत्या. त्यांतल्या एकीत एक कॅलिफोर्नियाचा नाझी त्याच्यासोबत बसलेला आहे आणि आपण नाझी आहोत हे उघड बोलू नये, त्याने कामाचं नुकसान होतं, असा व्यवहारी सल्ला ड्यूक त्याला देतो आहे. क्लॅन सोडून पाच-सहा वर्षं झाल्यावरचं हे बोलणं. सूट कशासाठी चढवला होता, हे त्याच्याच तोंडून.

तरीही ऑक्टोबर १९९० मध्ये अमेरिकन सिनेटच्या निवडणुकीत बेनेट जॉन्स्टन यांच्याविरुद्ध ड्यूकला जवळजवळ ४४ टक्के, सहा लाखांवर मतं पडली. रिपब्लिकन पक्षाच्या अधिकृत उमेदवाराने दोन दिवस आधी माघार घेतली म्हणूनच जॉन्स्टन पहिल्याच फेरीत निभावले. गोऱ्यांपैकी बहुसंख्यांनी ड्यूकला मत दिलं होतं. जनमत चाचण्यांत त्याचा आकडा नेहमी कमी दिसायचा. लोक प्रश्नकर्त्याला खोटं सांगत आणि मतपेटीला खरं.

मग १९९१ ची गव्हर्नरपदाची निवडणूक. १९ ऑक्टोबरला विद्यमान गव्हर्नर बडी रोमर तिसरे आले आणि बाद झाले. दुसऱ्या फेरीत उरले दोघे: ड्यूक, आणि तीनदा गव्हर्नर राहिलेले एडविन एडवर्ड्‌स. एडवर्ड्‌स रंगेल, जुगारी. १९८५-८६ मध्ये लाचखोरीच्या आरोपांवरून त्यांच्यावर खटले चालले होते आणि शिक्षा झाली नव्हती एवढंच. दगडापेक्षा वीट मऊ म्हणून राज्याने वीट उचलली. मोटारींवर स्टिकर झळकले: लबाडाला मत द्या, ते महत्त्वाचं आहे. बुश म्हणाले, मी लुइझियानात असतो तर एडवर्ड्‌सना मत दिलं असतं. रोमर यांनीही हरल्याचं दुःख गिळून तेच सांगितलं.

दूरचित्रवाणीवरच्या वादसभेत नॉर्मन रॉबिन्सन या काळ्या पत्रकाराने प्रश्न विचारण्याआधी सांगून टाकलं की मी इथे पत्रकार म्हणून बसलोय, पण त्याआधी माणूस आहे आणि मला काळजी वाटतेय. मग तुमच्या जुन्या शब्दांनी माझ्यासारख्यांचं काय केलं हे तुम्हाला कळतं का, असा त्याचा रोख होता. आवाज थरथरत होता, पण त्याने नजर हटवली नाही आणि ड्यूकची गोड सफाई पहिल्यांदा उघड्यावर कोलमडली. काही दिवसांनी राष्ट्रीय वाहिनीवर टिम रसर्ट यांनी त्याला विचारलं, तुमच्या राज्यात सर्वांत जास्त माणसं कामाला लावणारे कारखानदार कोण? तीन नावं सांगा. एकही सांगता आलं नाही.

ही सगळी घाव घालणारी क्षणचित्रं होती, पण निकाल लावला तो काळ्या मतदारांनी. पहिल्या फेरीनंतर नोंदणीच्या कचेऱ्यांपुढे रांगा लागल्या. चर्चमधून, मजूर संघटनांतून, घराघरांतून माणसं नेऊन नोंदवली गेली. १६ नोव्हेंबरला नोंदलेल्या काळ्या मतदारांपैकी सुमारे ८० टक्के मतदानाला उतरले. एडवर्ड्‌स यांना १०,५७,०३१ मतं, ड्यूकला ६,७१,००९. टक्क्यांत ६१ आणि ३९. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी लुइझियानाने द्वेष नाकारला असं लिहिलं. पण गोऱ्यांची मतं वेगळी काढली तर त्यांतली निम्म्याहून जास्त, सुमारे ५५ टक्के, ड्यूकची होती. राज्य वाचवलं ते ज्यांच्या आजोबा-पणजोबांना मतपेटीपासून दूर ठेवण्यासाठी क्लॅन जन्माला आली होती, त्यांनी. हा श्रेयाचा भाग बातम्यांत फार लहान टायपात छापला गेला.

मेटरीच्या ८१ व्या मतदारसंघात १९९२ मध्ये ड्यूकच्या जागी डेव्हिड व्हिटर आले, तेच पुढे सिनेटर झाले. आमदारकीच्या काळात ड्यूकने मांडलेली विधेयकं जवळजवळ सगळी पडली होती. पण सरकारी मदत घेणाऱ्यांची नशातपासणी, कोट्याला विरोध, हे त्याचे विषय सभ्य समजल्या जाणाऱ्या उमेदवारांनी उचलले आणि त्यावर निवडणुका जिंकल्या. २००२ मध्ये त्याच भागातले आमदार स्टीव्ह स्कॅलिस ड्यूकच्याच दुसऱ्या एका संघटनेच्या मेळाव्यात बोलून आले होते, हे डिसेंबर २०१४ मध्ये बाहेर आलं. तोवर ते अमेरिकी प्रतिनिधिगृहातल्या बहुमतवाल्या पक्षाचे मुख्य प्रतोद झाले होते. त्यांनी चूक झाल्याचं सांगितलं, पद टिकलं.

बेथ रिकी २००९ मध्ये न्यू मेक्सिकोत वारल्या, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, आजारी आणि हलाखीत. पक्षात त्यांना पुन्हा जागा मिळाली नव्हती.

ड्यूक १९९९ मध्ये काँग्रेसच्या पोटनिवडणुकीला पुन्हा मेटरीच्या परिसरातून उभा राहिला आणि १९ टक्के मतं घेऊन तिसरा आला. डिसेंबर २००२ मध्ये त्याने केंद्रीय न्यायालयात गुन्हा कबूल केला. राहतं घर आणि जन्माची पुंजी जाईल अशी स्थिती आहे, असं सांगून वर्षानुवर्षं त्याने आपल्या गोऱ्या अनुयायांकडून टपालाने पैसे मागवले होते आणि ते जुगाराच्या अड्ड्यांवर उडवले होते. प्राप्तिकराचं विवरणही खोटं भरलं होतं. शिक्षा झाली पंधरा महिन्यांची.